दोन्हीकडे जेवलेली

आनंदीची नजर म्हणजे वजनकाटा, असं बोईसरकडच्या सगळ्या अंगणवाडीसेविका म्हणायच्या. मूल दारातून आत यायच्या आधीच ती सांगायची, हे गेल्या महिन्यापेक्षा उतरलंय. मग त्याला काट्यावर बसवायचं, आणि काट्याने मुकाट्याने तिच्या शब्दाला मान द्यायचा. मुख्यसेविका बाई एकदा अचानक तपासणीला आल्या आणि दिवसभर तिचं काम बघून जाताना म्हणाल्या, "काटा बिघडला की बाकीच्यांचं अडतं. तुमचं अडत नाही." आनंदी लाजली होती. अठरा वर्षं झाली होती तिला या कामात. घर उमरोळीला. सकाळी गाडीने बोईसर, तिथून रिक्षाने बेटेगावच्या पलीकडचा पाडा. पाड्यावर चौतीस मुलं, काही गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, आणि मदतनीस म्हणून तानी. तानी त्याच पाड्यातली, आनंदीहून चारपाच वर्षांनी मोठी. खिचडी शिजवायची, मुलं गोळा करून आणायची, आणि फार बोलायची नाही.

अंगणवाडीला कुलूप लावलं तरी नजर तिथे राहत नसे. ती आनंदीबरोबर घरी यायची, बाजारात जायची, लग्नाला जायची. माघात दिराच्या मुलीचं लग्न झालं. पंधरा दिवसांनी आनंदीला नवरदेवाचं नाव आठवेना. पण पंगतीत समोर बसलेल्या नऊ बायांपैकी कुणी किती जिलब्या घेतल्या, कुणी भात परत केला, कुणाच्या दंडाला ब्लाउज काचत होता, हे तिने एकेक करून सांगितलं असतं. गाडीत कुणी डबा उघडला की तिचे डोळे आपोआप तिकडे वळायचे. शेजारीण काहीतरी सांगत असायची, ते ऐकू येईनासं व्हायचं. हे आपल्या कामाचंच वळण, अशी तिने मनाची समजूत घातली होती. सोनाराला लोकांच्या गळ्यातलं आधी दिसतं, तसं आपलं.

सुरुवात कशी झाली ते तिला नीट सांगता आलं नसतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखर काठावर आहे, भात कमी करा. तिने केला. अंग थोडं हलकं झालं. जाऊ म्हणाली, "बारीक झालीस, छान दिसतेस." एवढंच. पुढच्या तपासणीत साखर जागेवर आली, आणि डॉक्टर म्हणाले, आता खा नेहमीसारखं. पण तोवर आत कुठेतरी चाक उलटं फिरायला लागलं होतं. आधी भात गेला, मग भाकरी निम्मी झाली, मग निम्मीचीही भीती वाटायला लागली. ताटावर बसलं की डोक्यात कलकलाट व्हायचा. हे घेऊ का, एवढं घेऊ का, मघाशी चहात साखर होती. न जेवता उठलं की कलकलाट थांबायचा. तासाभराने तो दुपटीने परत यायचा, पण तो तासभर तिला हवाहवासा वाटायला लागला. छान दिसण्याशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. आरशात ती बघायची ती मनगटं आणि गळ्याखालची हाडं. ती बघूनही समाधान नव्हतंच.

लपवणं सोपं गेलं. घरी म्हणायचं, "मी अंगणवाडीत खिचडी खाऊन आले." तानीला म्हणायचं, "मी घरून जेवून निघाले." दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे पाहुणी दोन्हीकडे जेवलेली होती आणि तरी उपाशी होती. नवरा आत्माराम तारापूरला केमिकल कारखान्यात पाळीवर, त्याची यायची वेळ आठवड्याआठवड्याला बदलायची. मुलगा धीरज सुरतेला नोकरीला. शिवाय देव होतेच. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बाईमाणसाने उपास धरला तर आपल्याकडे कुणी कारण विचारत नाही, उलट तिचं कौतुक करतात.

आणि स्वयंपाक मात्र ती असा करायची की आळीभर वास जावा. वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, तांदळाच्या पातळ भाकऱ्या. आत्माराम जेवायला बसला की समोर बसून त्याचा घास ताटातून तोंडात जाईपर्यंत बघायची. "अजून एक घ्या ना." आत्मारामला ते बायकोचं प्रेम वाटायचं. तेही असेल त्यात. आनंदीला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, काय किती आहे ते.

पाळी बंद झाली. त्रेचाळिशी आली, कुणाकुणाची लवकर जाते. केस गळायला लागले, बोअरचं पाणी. उन्हातून आल्यावरही हातपाय गार पडायचे, अशक्तपणा असेल. दर खेपेला एक शहाणंसुरतं कारण तयार असायचं.

होळीला पाडा भरला. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं सणाला चार दिवस घरी येतात. सुका आणि त्याची बायको भिवंडीकडच्या भट्टीवरून आले, कडेवर दोन वर्षांची हिरा. आनंदीने हिराला दारातच पाहिलं आणि नजरेने निकाल दिला. तरी तिने दंडाची फीत काढली. मुलाच्या डाव्या दंडाला ती गुंडाळायची. हिरवा रंग आला तर मूल ठीक, पिवळा आला तर लक्ष ठेवायचं, लाल आला तर दवाखाना.

लाल आला.

आनंदीने आजवर कितीतरी लाल पाहिले होते. तरी दर वेळी पोटात खड्डा पडायचाच, त्याची तिला सवय झाली नव्हती. आज मात्र खड्डा पडायच्या आधी, डोळ्याचं पातं लवावं तेवढ्यात, दुसरंच काही येऊन गेलं. त्या काटकीएवढ्या दंडाकडे बघून तिच्या मनात आलं, किती छान. माझा असा नाही.

मग खड्डा पडला. पण मागाहून.

हिरा रडत नव्हती, नुसती बघत होती. "लाल हाय ना, बाय?" तिच्या आईने विचारलं. आनंदी हो म्हणाली. तिने चिठ्ठी लिहिली, ग्रामीण रुग्णालयात फोन केला, रुग्णवाहिका मागवली. आईला लेकीजवळ पंधरा दिवस राहावं लागेल, जेवणखाण तिथेच मिळेल, हे सुकाला तीनदा समजावलं. तो भट्टीवर एकटा जायला तयार नव्हता, त्याला तयार केलं. हात चोख काम करत होते. डोकं एकाच जागी अडकलं होतं. हे आपल्या मनात आलं कुठून? ज्या दंडांवर चार बोटं मांस चढावं म्हणून अठरा वर्षं आपण उन्हातान्हाची पायपीट केली, त्यातल्याच एकाचा आपल्याला हेवा वाटला? तिला स्वतःची घृणा यायला हवी होती. तीही नीट येईना. काही कळतच नव्हतं, एवढंच खरं.

त्या रविवारी मेघाली आली. मेघाली म्हणजे आनंदीच्या पालघरच्या भावाची मुलगी. मुंबईला मानसशास्त्रात एम.ए. करत होती आणि होळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन फिरत होती.

"आत्या, मला बायका हव्यात," ती म्हणाली.

"कसल्या बायका?"

"साध्या. ज्यांना काही झालेलं नाही अशा."

मुंबईत तिने काही मुलींची चाचणी घेतली होती. त्या मुलींना खाण्याचा आजार होता. कुणी मुद्दाम उपाशी राहायच्या, कुणी भराभरा खाऊन ओकून टाकायच्या. आता तुलनेसाठी तिला ठणठणीत बायका हव्या होत्या. आनंदीने शेजारच्या भावनाला आणि दीपाला बोलावलं. चहा झाला, आणि ओटीवर लॅपटॉप मांडला गेला.

चाचणी खेळासारखी होती. पडद्यावर दोन शब्द यायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. अर्ध्या सेकंदात दोन्ही पुसले जायचे आणि त्यांतल्या एकाच्या जागी ठिपका यायचा. ठिपका ज्या बाजूला, त्या बाजूचं बटण दाबायचं. खुर्ची आणि भात. कुंपण आणि मांडी. तूप आणि चावी.

"यात काय कळतं?" दीपाने विचारलं.

"तुमचा डोळा आधीच ज्या शब्दाकडे गेला असेल, तिथेच ठिपका आला तर बोट पटकन पडतं. दुसरीकडे आला तर डोळ्याला तिथवर यायला वेळ लागतो. तो वेळ हे मोजतं. आपल्याला कळतसुद्धा नाही एवढा थोडा असतो."

भावना आणि दीपा हसतखिदळत बटणं दाबून मोकळ्या झाल्या आणि घरी गेल्या. मग आनंदी बसली. संपल्यावर ती म्हणाली, "तुझं मशीन बिघडलंय गं. निम्म्या वेळा एकाच बाजूला शब्द येतो. दुसरी बाजू कोरीच."

मेघालीने मान वर केली. "दोन्हीकडे येतात, आत्या. प्रत्येक वेळी."

"मला नाही दिसले."

मेघालीने आकडे उघडले. ते खालपर्यंत दोनदा वाचले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू जेवली होतीस ना? भूक लागलेली असली तरी असं येतं."

"सकाळीच जेवले की."

"मग उद्या परत करू. माझ्यासमोर खाऊन मग बस. मी आज राहतेच."

"उद्या माझा सोमवार."

"मग उपासाचं खा. मलाही चालेल."

सोमवारी सकाळी आनंदीने साबुदाण्याची खिचडी केली, मोकळी, दाण्याचं कूट घालून, वर खोबरं पेरून. दोन ताटल्यांत वाढली. मेघाली खात होती आणि मुद्दाम मोबाईलकडे बघत होती. आनंदीने बटाट्याच्या फोडी एका बाजूला केल्या, मिरच्या दुसऱ्या बाजूला. मीठ आणायला उठली. गॅस बंद आहे का बघायला उठली. पाणी आणायला उठली. परत येऊन पाहिलं तर खिचडी होती तेवढीच. शेवटी पोरगी खोळंबली आहे म्हणून तिने चमचा तोंडात घातला. मग दुसरा. घास गिळताना आपण काहीतरी चोरतो आहोत असं तिला वाटत होतं, स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच हातचं. सहाव्या चमच्याला ती म्हणाली, "बास. पोट भरलं."

चाचणी पुन्हा झाली. या खेपेला उलटंच निघालं. भात, तूप, पोट, मांडी या शब्दांच्या जागी ठिपका आला की आनंदीचं बोट रेंगाळत होतं.

"काल डोळे तिकडे धावत होते, आज तिथून पळ काढतायत," मेघाली म्हणाली.

"म्हणजे काय?"

"मला माहीत नाही, आत्या."

ती मागच्या दारी जाऊन तिच्या मॅडमशी फोनवर बोलली. परत आली ती चेहरा पाडून. मॅडमनी सांगितलं होतं, एका माणसाच्या आकड्यांवरून काही ठरत नाही, ते रोज बदलतात. पुष्कळ जणींचे एकत्र केले की मग काही दिसतं. हा काही रक्ताचा रिपोर्ट नव्हे. शिवाय बाई तुझ्या नात्यातली, आणि दिवसभर खाणं आणि दंड बघणं हेच तिचं काम. तिला यादीतून काढून टाक.

"म्हणजे मी पास की नापास?" आनंदीने विचारलं.

"तसं नसतं त्यात. तुला काढलं, एवढंच."

आनंदीला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी अपमानही वाटला. साध्या बायकांत बसत नाही, आजारी मुलींतही बसत नाही. मग आपण बसतो कुठे?

मेघालीने लॅपटॉप मिटला. "मशीनचं जाऊ दे. मी ताटाचं विचारते. तू सहा चमचे खाल्लेस."

"तू मोजलेस?"

"हो."

"मी मोजलं तर आजार, आणि तू मोजलंस तर अभ्यास का गं?"

मेघालीचे कान लाल झाले. दोघी तशाच बसून राहिल्या. मधे ती खिचडी.

तेवढ्यात आत्माराम रात्रपाळी करून आला. हातपाय धुऊन चहाला बसला, तेव्हा मेघालीने विचारलं, "काका, आत्या तुमच्याबरोबर शेवटची कधी जेवली?"

"रोजच जेवते की," तो म्हणाला. मग जरा थांबला. "म्हणजे आज सोमवार, आज उपास. उद्या मंगळवार, उद्याही." त्याने दोन बोटं मिटली. "बुधवारी ती अंगणवाडीतून जेवून येते. गुरुवार दत्ताचा. शुक्रवारी पण अंगणवाडीतच. शनिवार मारुतीचा." सहा बोटं मिटली. सातवं त्याने बराच वेळ तसंच धरून ठेवलं. "रविवारी मला वाढते. आणि मग मागाहून..." तो आनंदीकडे वळला. "काल जेवलीस ना तू?"

आनंदी त्याच्यासाठी आणखी चहा गाळायला लागली.

आत्माराम रागावला नाही. तो त्या बोटाकडे बघत राहिला. मग अगदी खरोखर कळावं म्हणून विचारल्यासारखं त्याने विचारलं, "घरात काय कमी आहे?"

"काहीच नाही."

"मग?"

"मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का?" आनंदी म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. पिशवी उचलून ती गाडीला निघून गेली.

त्या दिवशी मुलं जेवून घरी गेल्यावर तानीने खिचडीची ताटली आनंदीच्या पुढ्यात ठेवली.

"मी घरून जेवून..."

"नाय जेवल्या तुमी," तानी म्हणाली. "दिवालीपासून बगते मी. तुमच्या ताटातली खिचडी कोंबड्या खातात."

आनंदीला वाटलं, कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढून काढलं. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी शिकलेल्या. मना वाटला, काय तरी व्रत असंल." तानी समोर बसली. "आमी उपाशी ऱ्हातो तं घरात नसतं म्हनून. तुमच्या घरात हाय. मंग कशापायी?"

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, पण आनंदीला ते लागलं. याच पाड्यावर तिने घराघरांत जाऊन सांगितलं होतं, पोराला एक घास जास्त द्या. आता काय सांगायचं? साखरेचं सांगायचं? जाऊ छान म्हणाली ते? त्यातलं काहीच पुरेसं नव्हतं. आणि मग, का कोण जाणे, तिने ते सांगून टाकलं जे ती मेघालीला सांगू शकली नव्हती, नवऱ्याला तर नाहीच. हिराच्या दंडाला लाल आला तेव्हा आपल्या मनात काय आलं ते. शब्द न बदलता. किती छान. माझा असा नाही.

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. आता ही उठेल, थुंकेल, पाड्यात जाऊन सांगेल, याची आनंदी वाट बघत होती.

"मना नाय समजला," तानी म्हणाली.

"मलाही नाही समजत."

"पोरीला दवाखान्यात धाडली ना?"

"हो."

"ते मी बगितला." तिने खिचडीची ताटली बोटाने थोडी पुढे सरकवली. "पर आजपासून फीत मी लावते. तुमी लिवा."

एवढं बोलून तिने आपली ताटली घेतली आणि जेवायला लागली. आनंदीने एक घास घेतला. तानी तिच्याकडे बघत नव्हती. तिचं तिचं जेवण चाललं होतं. जेवून झालं तरी ती उठली नाही. आनंदी म्हणाली, "तू जा, तुझं काम आहे." तानी म्हणाली, "मना घाई नाय." खिचडी गार झाली, वरून सुकून गेली. निम्मी संपायला तासभर लागला. बोईसरची नेहमीची रिक्षा चुकली.

पुढच्या आठवड्यात आत्माराम आणि मेघाली तिला पालघरला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. आनंदी वाटेत दोनदा म्हणाली, परत फिरू या, तिथे लोक काय म्हणतील. डॉक्टरीणबाई वयाने मेघालीहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी वजन घेतलं, नाडी पाहिली, हृदयाची पट्टी काढायला लावली, आणि नाडी फार मंद चालतेय म्हणून ती पट्टी दोनदा बघितली. मग तासभर नुसतं विचारत राहिल्या.

"हा आजार कॉलेजच्या पोरींना होतो ना?" आत्मारामने विचारलं. मेघालीने त्याला वाटेत बरंच सांगितलं होतं.

"त्यांच्यात आपण शोधतो, म्हणून तिथे सापडतो," बाई म्हणाल्या. "यांना कुणी विचारलंच नव्हतं."

"पण कशामुळे?"

"एकच कारण सापडेल असं मी सांगत नाही. सापडेपर्यंत थांबायलाही नको. आधी खाणं सुरू करू."

हिराच्या दंडाचं आनंदीने त्यांनाही सांगितलं, सगळ्यांना बाहेर पाठवून. बाईंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, मनात आलेला प्रत्येक विचार आपण मागवलेला नसतो. आनंदीला ते पटलं नाही. पण ऐकून त्या दचकल्या नाहीत, हे तिने पाहिलं.

सहा आठवडे रजा. दिवसातून सहा वेळा खायचं, घड्याळ बघून, भूक लागो न लागो, आणि कुणाच्या तरी सोबतीने. दर आठवड्याला येऊन बोलायचं. उपास सगळे बंद. इथे मात्र आनंदी अडून बसली. इतक्या वर्षांचे वार, सोडायचे कसे? देव काय म्हणेल? घरी आल्यावर आत्माराम म्हणाला, "सोमवार मी धरतो. मंगळवारही धरतो. गुरुवार-शनिवारचं धीरजला सांगू." धीरजने सुरतेहून फोनवर कुरकुर केली, पण शनिवार घेतला. गुरुवार राहिलाच, दत्ताला कुणी उरलं नाही. आत्मारामला पहिल्याच सोमवारी दुपारी दोन वाजता चक्कर आली आणि तो गुपचूप दोन केळी खाताना सापडला. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी आनंदी हसली.

पण सगळे दिवस तसे नव्हते. एकदा तिने भाकरी रुमालात गुंडाळून मिक्सरच्या खोक्यात लपवली, आणि दोन दिवसांनी ती आत्मारामच्या हाती लागली. तो ती बुरशी आलेली भाकरी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. "माझ्यापासून चोरून?" एवढंच म्हणाला. आनंदी त्याच्यावर ओरडली, मग रडली, मग म्हणाली, मी नाही लपवली, माझ्या हाताने लपवली. हे बोलणं किती खुळ्यासारखं आहे ते तिलाही कळत होतं, पण याहून खरं तिला सुचत नव्हतं. आत्मारामने दुसऱ्या दिवसापासून पाळी बदलून घेतली आणि रात्रीचं तिच्यासोबत जेवायला लागला. जेवताना काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. मग तो कारखान्यातल्या व्हॉल्व्हबद्दल सांगायचा, आणि ती कधी कधी ऐकायची.

वजन थोडं चढलं. चढलं म्हणून तिला रडू आलं, आणि रडू का आलं ते सांगता येईना. हिरा दवाखान्यातून पिवळ्यावर आली. सुका आणि त्याची बायको पावसाळ्याआधी तिला घेऊन भट्टीवरून परतले, तेव्हा तानीने हिराला फीत लावली आणि आनंदीला फोन करून सांगितलं, पिवलाच हाय, पर चांगला पिवला. मेघालीने प्रबंध दिला. त्यात चाळीस साध्या बायका होत्या, आत्या नव्हती. रजा वाढवून घेत आनंदी आषाढात कामावर रुजू झाली. फीत तानीकडेच राहिली. श्रावणात तिला पाळी आली आणि ती न्हाणीघरात बराच वेळ बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता का, हे तिने पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काही व्हायलाच हवं असं नाही.

गौरी-गणपतीच्या आधी दीपाबरोबर ती बोईसरला साडी घ्यायला गेली होती. दुकानदार एकावर एक घड्या उलगडत होता. कुठूनतरी गुरगुर आवाज आला. आनंदीने वर पंख्याकडे पाहिलं.

"पंखा नाही गं," दीपा हसली. "तुझं पोट."

"माझं?"

"भूक लागली का?"

आनंदी विचारात पडली. घड्याळात अडीच वाजले होते. तिची खायची वेळ चारची. हे घड्याळाच्या आधी आलेलं काय होतं? भूक म्हणतात ती हीच, की तो जुनाच कलकलाट डोक्यातून पोटात उतरला होता? तिने पोटावर हात ठेवून पाहिला. आवाज पुन्हा आला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दीपाने साड्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि तिला बाहेर वडापावच्या गाडीवर नेलं. कागदात गुंडाळलेला गरम वडापाव हातात आला. आनंदीने तो दोनदा या हातातून त्या हातात केला. शेजारी कारखान्यातून सुटलेले दोघे हिंदीत बोलत खात उभे होते. त्यांनी किती खाल्ले ते तिने पाहिलं, आणि पाहिल्याचं तिला कळलं. मग तिने घास घेतला. जीभ पोळली. दुसरा घेतला. दीपा साडीच्या काठाबद्दल काहीतरी बोलत होती, अधूनमधून ते कानावर येत होतं.

कागद रिकामा झाला तेव्हा आनंदी त्याच्याकडे बघत राहिली.

"अजून एक घेऊ?" दीपाने विचारलं.

आनंदीला हो म्हणवेना, आणि नाहीही म्हणवेना. दोन्ही तोंडाशी आलं, पण त्यातलं आपलं कोणतं ते ओळखू येत नव्हतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "मला कळू दे."

दीपा थांबली. गाडीवाल्याकडून जास्तीची चटणी मागून घेऊन ती आपला वडापाव खात राहिली.